रेघेवर उगवलेलं

प्रिय काडी,

पत्राची सुरुवात तक्रारीने करते, म्हणजे पत्र माझंच आहे याची तुला खात्री पटेल. तक्रार पायांची आहे. माझ्या नव्हे, लोकांच्या. मी हॉस्पिटलात बुरशी तपासते ही बातमी आमच्या इमारतीत कुणी फोडली ठाऊक नाही, पण तेव्हापासून मला कुणी तोंड दाखवत नाही, सगळे पाय दाखवतात. जिन्यात माणूस भेटतो, 'काय, बरं आहे ना?' विचारतो आणि मी बरं म्हणायच्या आत चप्पल काढून बोटांमधली भेग पुढे करतो. लिफ्टमध्ये तर पळायलाही जागा नसते. पिवळी नखं, जाड नखं, भुगा झालेली नखं. गेल्या महिन्यात एका बाईंनी नखाचा तुकडा कागदाच्या पुडीत बांधून माझ्या दाराच्या कडीला अडकवला आणि वर लिहिलं, 'सवडीने बघा.' गवयाला लोक गायला सांगतात, जादूगाराला पत्ते काढायला सांगतात. माझ्या वाट्याला नखं आली. या अन्यायाची दाद कुठे मागायची ते तूच सांग.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर कळस केला. भाजीची पिशवी माझ्या हातात दिली, 'धरा जरा' म्हणाले आणि भर जिन्यात सदरा वर केला. कमरेभोवती नायटा, बशीएवढाले चट्टे, एकाला लागून एक. सुनेचं उरलेलं मलम लावत होते. का? तर तिची पुटकुळी त्याने गेली होती. मी म्हटलं, काका, त्या मलमात सूज उतरवणारं औषध असतं, ते बुरशीला खतासारखं. 'पण खाज तर दोन दिवसांत थांबली होती की!' काका दुखावल्यासारखे म्हणाले. मी म्हटलं, कुत्र्याचं तोंड बांधलं म्हणून चोर पळाला असं होत नाही. तो आत पाय पसरून बसलाय. काकांनी सदरा खाली घेतला, पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, 'तुम्ही शिकलेल्या बायका सरळ उत्तर देत नाही.' आता ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या घरचे सहा पाय टळले, त्या बदल्यात एक अबोला, सौदा वाईट नाही.

तू असतीस तर हसली असतीस. तू हसलीस की खांदे हलायचे आणि हातातली काचपट्टी हलायची, आणि मी ओरडायची. आता बेंचवर ओरडायला कुणी नाही. मी एकटीच आहे. खुर्ची तीच, मायक्रोस्कोप नवा, साहेब त्याहून नवे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत आणि मला 'मॅडम' म्हणतात, पण अशा सुरात की 'आजी' ऐकू यावं. माणूस वाईट नाही. घाईत असतो इतकंच. घाईत असलेल्या माणसाला बुरशीच्या खात्यात बसवणं म्हणजे कासवांच्या शाळेत शिट्टी फुंकणारा मास्तर नेमण्यासारखं आहे. नखातली बुरशी उगवायला तीन-तीन, चार-चार आठवडे घेते आणि साहेब तिसऱ्या दिवशी विचारतात, 'अजून काहीच नाही?'

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. मध्येच उठते, चहा टाकते, तो उतू जातो, ओटा पुसते, परत येऊन बसते. गेला महिनाभर माझं हे असं चाललंय. कारण एक डोळा आहे. तो काही आमच्या घरातला नाही. एका घड्याळजींचा, उजवा.

कुंडीतल्या झाडाची वाळकी काडी मोडताना ती उडून त्यांच्या बुबुळाला लागली. एवढंच. चार दिवस त्यांनी औषधाच्या दुकानातून कसले तरी थेंब आणून घातले. मग आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आले, तोवर बुबुळावर राखाडी ठिपका पडला होता, कडा पिसासारख्या. बाईंनी जंतूंवरचे थेंब सुरू केले. ठिपका हलला नाही, वाढला. तेव्हा एका सोमवारी मला बोलावणं आलं. बाईंनी डोळा बधिर करून पात्याने जखम खरवडली आणि मी तो कण काचांवर आणि बुरशी उगवायच्या प्लेटांवर घेतला. हे मी तुला सांगतेय, जणू तुला माहीत नाही. पण सांगू दे. सांगितलं की पत्र पुढे सरकतं.

घड्याळजी मोठे गमतीचे. खरवडून झाल्यावर डोळ्यावर पट्टी बांधून आमच्या खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसले आणि पहिलं वाक्य हे, 'तुमचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे.' मी म्हटलं, आमच्याकडे आठवड्यांचा हिशोब असतो, मिनिटं मागेपुढे चालतात. म्हणाले, 'तुम्हीही एकाच डोळ्याने बघता का हो, त्या दुर्बिणीतून?' मी म्हटलं, नाही, आमची दोन डोळ्यांची आहे. 'मग तुमचं बरं आहे. मी डाव्या डोळ्याने फक्त गिऱ्हाईक बघतो. काम उजव्याने.' मग पट्टीला हात न लावता, नुसता जवळ नेऊन म्हणाले, 'भिंग या डोळ्यावरच बसतं. दुसऱ्यावर बसवून पाहिलं. स्क्रू सापडत नाही.' ते हसत होते, पण पाय सारखा हलत होता. माझाही हलायला लागला.

डॉक्टरीणबाईंचं गणित साधं होतं. काचेवर बुरशीचे तंतू दिसले तर बुरशीचे थेंब, तासातासाला. तंतू नसतील तर जंतूंचंच औषध चालू ठेवायचं आणि बुधवारपासून सूज उतरवणारे थेंब जोडीला द्यायचे, म्हणजे डाग कमी राहील. आणि बुरशी असताना ते थेंब पडले तर काय होतं ते काकांच्या कमरेवर मी पाहिलंच आहे. फक्त कमरेला कातडी भरपूर असते, बुबुळाची जाडी अर्धा मिलिमीटर. सगळं माझ्या एका ओळीवर होतं.

जंतू मारणं त्या मानाने सोपं, ते आपल्याहून अगदी निराळे. बुरशीचं तसं नाही. ती ना झाड, ना जनावर, पण तिच्या पेशींची घडण आपल्याशी जुळते. त्यामुळे तिला मारणारं औषध आपल्यालाही थोडं लागतंच, आणि म्हणूनच तशी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी नव्या लोकांना सांगते, जंतू परका, बुरशी भाऊबंद. आणि भाऊबंदांशी भांडण किती महाग पडतं ते घरोघर विचारा.

तर सोमवार. अठरा नमुने रांगेत होते. ओल्या काचेवर केओएच टाकलं. ते पेशी विरघळवतं, बुरशी मागे उरते. बघितलं. एक धागा होता, पण कापसाचा असावा तसा, सरळ, चमकणारा. रंगवलेली काचही वरवर फिरवली. पू होता. 'बुरशीचे तंतू आढळले नाहीत' असं लिहिलं आणि सही ठोकली. काडी, ती सही करताना मला काहीच वाटलं नाही. वाटलं ते संध्याकाळी, घरी, कांदा चिरताना. मंगळवारी मी इन्क्युबेटर सहा वेळा उघडला. बुरशी काय, घरातला पाहुणाही इतक्या वेळा डोकावलं तर बाहेर येत नाही. काही नव्हतं.

बुधवारी सकाळी होतं. पांढरं, कापसासारखं, बोटाच्या पेराहून लहान. दोन प्लेटा होत्या. एकीवर ते नमुना फिरवताना काढलेल्या रेघेवरच उगवलं होतं, दोन ठिकाणी. दुसरीवर रेघेबाहेर, काठाला. चंद्रकोरीसारख्या त्या रेघा मी तुला पहिल्याच आठवड्यात काढायला शिकवल्या होत्या आणि एक वाक्य शंभरदा म्हणवून घेतलं होतं: रेघेवर उगवलं ते रोग्याचं, रेघेबाहेर उगवलं ते हवेचं. तू वैतागून म्हणाली होतीस, 'ताई, आता मी झोपेतही रेघा मारते.'

मी दोन्ही प्लेटा साहेबांपुढे ठेवल्या. साहेबांनी काठाचं पाहिलं आणि निकाल दिला. 'हवेतलं आहे. बाहेरचं बसलंय. खिडकी कुणी उघडी ठेवली होती?' मी म्हटलं, साहेब, दुसरी प्लेट बघा, रेघेवर आहे. ते म्हणाले, 'मॅडम, एक दूषित तर दुसरीचा काय भरवसा? आणि काचेवर तंतू नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. तुमची सही आहे. नवा नमुना मागवा.' ते बरोबर बोलत होते. माझीच सही माझ्या आडवी उभी होती. नवा नमुना म्हणजे पातळ झालेलं बुबुळ पुन्हा खरवडायचं, पुन्हा तीन दिवस थांबायचं, आणि बुधवार तर उजाडलाच होता.

'खिडकी' म्हटल्यावर मला काय आठवलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. नऊ वर्षांपूर्वीचा सुतार. डोळ्यात लाकडाची कपची गेली होती. तेव्हाही प्लेटवर पांढरं उगवलं होतं. तू प्लेट उघडलीस तेव्हा खिडकी सताड उघडी होती, हवेतली बुरशी बसली, नमुना वाया गेला, दुसरा येईपर्यंत आठ दिवस गेले आणि सुताराचा डोळा गेला. रजिस्टरात हे असंच आहे. अक्षर माझं, खाली नाव तुझं. दोन महिन्यांनी तू नोकरी सोडलीस. आता शाळेत मुलांना विज्ञान शिकवतेस असं कानावर आलं. मी तुझ्या निरोपालाही आले नव्हते. त्या दिवशी मी रजा टाकली होती. घरी बसून डाळ निवडली.

बुधवारी मी साहेबांशी वाद घातला नाही. वाद घालायला मला आवडतं, हे तुला माहीत आहे, पण वादाने तंतू दिसत नाहीत. मी सोमवारची रंगवलेली काच घेतली, दाराला आतून खुर्ची लावली आणि बसले. शेत नांगरतात तशी ती काच बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग एक ओळ खाली, मग परत. साहेबांनी दोनदा दार वाजवलं. मी ओरडले, मेले नाहीये, बघतेय! दीड तास झाला असेल. मान दगड झाली होती. आणि काचेच्या काठाला, पुवाच्या जाड थराखाली, ते होते. फांद्या फुटलेले, बांबूच्या पेरांसारखे आडवे पडदे असलेले, सात-आठ. कापूस असा फांद्या फोडत नाही. प्लेटवरच्या वाढीला चिकटपट्टी टेकवून निळ्या रंगात पाहिलं तर होडीसारखे वाकडे बीजाणूही निघाले, ताफेच्या ताफे. सोमवारी ते तंतू तिथेच होते. मी काठापर्यंत गेलेच नव्हते.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हटलं, मी चुकले, तंतू आहेत. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, 'मी तासाभरापूर्वीच त्यांना सुजेच्या थेंबांची चिठ्ठी दिली. खाली औषधांच्या रांगेत असतील. पळा!' त्रेपन्नाव्या वर्षी, या गुडघ्यांनिशी, मी तीन जिने उतरले. घड्याळजी खिडकीपाशी पोचले होते, चिठ्ठी आत सरकवत होते. मी ती त्यांच्या हातातून ओढली. 'अहो बाई, नंबर लागलाय माझा! तासभर उभा आहे!' मागची सगळी रांग माझ्यावर तुटून पडली. एक आजी म्हणाल्या, 'शिकल्यासवरलेल्या दिसताय, आणि घुसताय?'

मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. गोलगोल नाही. सोमवारी मी नीट बघितलं नव्हतं, आज बघितलं, तुमच्या डोळ्यात बुरशी आहे, दोन दिवस माझ्यामुळे वाया गेले. मला वाटलं, आता हा माणूस सगळ्यांसमोर माझे वाभाडे काढणार, आणि काढावेतच. ते एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. गिऱ्हाईक बघायच्या डोळ्याने. मग म्हणाले, 'तीस वर्षांत मला हे एकदाही जमलं नाही. माझ्या हातून गिऱ्हाइकाचं घड्याळ बिघडलं की मी म्हणतो, पाणी शिरलं होतं. सगळ्यांना पटतं. घड्याळात पाणी शिरतंच.' आणि हसले. 'एकदा एका मास्तरीणबाईंनी घड्याळ परत नेलं आणि म्हणाल्या, चूक माझीच, मी भांडी घासताना काढायला विसरले असेन. त्या भांडी घासताना घड्याळ घालतच नव्हत्या हो. मला माहीत होतं.'

मी त्यांचा दंड धरून वर घेऊन गेले.

जुना रिपोर्ट रद्द केला, नवा लिहिला, 'पहिली तपासणी अपुरी होती' हे वाक्य स्वतःच्या हाताने घातलं. साहेब वाचून म्हणाले, 'इतकं सविस्तर लिहायची गरज आहे का?' मी म्हटलं, आहे. त्यानंतर तीन आठवडे घड्याळजींच्या डोळ्यात दिवसभर तासातासाला बुरशीचे थेंब. तासाचं वेळापत्रक पाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. बाई म्हणतात, असा रोगी लाखात एक. जखम बाहेर पसरायची थांबली आहे. कडा बसल्या आहेत. फूल पडणार, पण मधोमध पडेल की बाजूला सरकेल ते अजून सांगता येत नाही. भिंग त्या डोळ्यावर पुन्हा बसेल का, तेही नाही. दर सोमवारी ते येतात, बाकावर बसतात, आणि मी बाहेर यायच्या आत पाच वेळा खिडकीतून बघते. डोळा जायचा असेल तर दोन दिवस माझ्या नावावर आहेत. राहायचा असेल तरी आहेत.

आता हे सगळं तुला का, नऊ वर्षांनी, ते लिहिते, नाहीतर हाही कागद फाडीन. सुताराच्या प्लेटवर पांढरं तीन ठिकाणी होतं आणि तिन्ही रेघेवर होती. तू मला दाखवलंस. मी पाहिलं. पण दोनच दिवस आधी मी त्याच्या काचेवर 'तंतू नाहीत' लिहून बसले होते, आणि त्याच आठवड्यात बेंचचं प्रमुखपद कुणाला द्यायचं ते ठरत होतं. रेघेवरचं खरं म्हटलं असतं तर आधीची सही खोटी पडत होती. म्हणून मी म्हटलं, खिडकी उघडी होती. काडी, खिडकी बंद होती. धूळ येते म्हणून सकाळी मीच कडी लावली होती. तू आधी 'बंद होती' म्हणालीस, मग 'बहुतेक बंद होती', आणि महिन्याभराने तूच मला म्हणालीस, 'ताई, मला आता नक्की आठवतच नाही, मीच उघडली असेन.' त्या दिवशी मी चहा पीत होते आणि मी घोट गिळला. डोळ्यांच्या रंगवलेल्या काचा आपण टाकत नाही, हे माझं नशीब की फुटकं नशीब कोण जाणे. काल मी जुन्या खोक्यातून सुताराची काच काढली आणि काठापर्यंत पाहिली. शोधावंही लागलं नाही, तंतू अगदी मधोमध होते. रिपोर्ट दुरुस्त करून कार्यालयात दिला. सुताराकडेही जाऊन आले. तो रंधा मारत होता, मान एका बाजूला वळवून. तो जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. दुरुस्त रिपोर्टची एक प्रत या पत्राला जोडली आहे. 'त्रुटी कोणाची' या रकान्यातलं तुझं नाव खोडून तिथे माझं लिहिलं आहे, खाली सही, तारीख आणि शिक्का. ती प्रत तुझी आहे. मला परत पाठवू नकोस.

तुझीच,
ताई